परमिट मिळालं म्हणजे साइट सेफ झाली का?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं बांधकामाच्या साइटबद्दल आहेत. त्यातले चार प्रश्न घेतोय.

प्रश्न : आमच्या तीन मजली घराचं काम सुरू होतंय. बांधकाम परवानगी आली, नकाशे मंजूर झाले. ठेकेदाराकडे सेफ्टी प्लॅन मागितला तर त्याने चाळीस पानांची फाइल आणून दिली, त्यात टॉवर क्रेनवर अख्खं प्रकरण आहे आणि आमच्याकडे क्रेन येणारच नाहीये. परवानगी हातात असताना हा प्लॅन खरंच लागतो का?

उत्तर : लागतो, आणि ती फाइल आधी परत करा. ती दुसऱ्या कुठल्यातरी साइटची आहे हे तुमच्याही लक्षात आलंच आहे.

परवानगी देणारं ऑफिस नकाशात पूर्ण झालेली इमारत बघतं, म्हणजे उंची किती, बाजूला अंतर किती सोडलंय, जिना केवढा, पाया कसा वगैरे. पण तुमच्याकडे कामाला येणारी माणसं महिनोन् महिने अर्धवट इमारतीत वावरणार आहेत, जिथे जिना झालाय पण कठडा नाही, स्लॅब पडलाय पण कडेला भिंत नाही, डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी, तसाच उघडा आहे आणि त्यावर कुणीतरी प्लायचा तुकडा टाकलाय जो पायाखाली सरकतो. मंजूर नकाशात हे मधले दिवस कुठेच नसतात. सेफ्टी प्लॅन त्या दिवसांसाठी असतो, त्यामुळे तो तुमच्याच साइटवर उभं राहून लिहावा लागतो. इंजिनिअर, मुकादम आणि एखादा जुना गवंडी यांना घेऊन बसा, कामाचा एकेक टप्पा डोळ्यापुढे आणा आणि विचारा की इथे माणूस कशाने पडेल, कशाखाली सापडेल, शॉक कुठे लागेल.

खोदाईचंच घ्या. लोकांना उंचीची भीती वाटते, खड्ड्याची वाटत नाही, आणि मला खड्ड्याची जास्त वाटते. एक घनमीटर मातीचं वजन साधारण दीड टन किंवा जास्तच, म्हणजे छोट्या गाडीएवढं, आणि छातीपर्यंत जरी माती आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. दीड मीटरच्या खाली गेलात की कडा उतरत्या कापा नाहीतर आधार लावा, काढलेली माती काठापासून कमीत कमी दोन फूट लांब टाका, आत उतरायला-चढायला शिडी ठेवा, आणि पाऊस पडून गेल्यावर कुणी आत उतरायच्या आधी जाणत्या माणसाने खड्डा बघायचा. शेजाऱ्याची भिंत खड्ड्याला लागून असेल तर ते इंजिनिअरला आजच सांगा. साइटच्या तात्पुरत्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर आहे का तेही बघा. ओल्या जागेत पत्र्यावरून गेलेली जोड मारलेली वायर मी इतक्या ठिकाणी बघितलीये की हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि परवानगीचा कागद एकच असतो असं धरून चालू नका. जुनं बांधकाम पाडायचंय, परांची रस्त्यावर येतीये, फूटपाथ अडवायचाय, अशा कामांना बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते. मंजूर नकाशाची प्रत साइटवर ठेवा, आणि कुठल्या टप्प्याला तपासणी बोलवायची ते परवानगीच्या अटींमध्ये दिलेलं असतं ते शांतपणे वाचा, कारण स्लॅब भरून झाल्यावर आतलं स्टील कुणालाच दाखवता येत नाही.

प्रश्न : मी साइट सुपरवायझर आहे. मालकांनी मध्येच वर अजून एक मजला घ्यायचं ठरवलं, म्हणाले परवानगीचं नंतर बघू. उशीर भरून काढायला ठेकेदार म्हणतोय शटरिंग (काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते धरून ठेवणारे साचे आणि टेकू) लवकर खोल आणि तेच सामान वर लाव. मी काय करू?

उत्तर : दोन्हीला नाही म्हणा आणि लेखी म्हणा. नोकरीत असताना हे किती जड जातं याची मला कल्पना आहे, तरीही.

मजला वाढला की खालचे कॉलम आणि पाया यांचा हिशोब बदलतो. सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत वरचं काम थांबायलाच हवं आणि त्याच दिवशी सेफ्टी प्लॅनही बदलायला हवा, कारण परांचीची उंची बदलली, सामान चढवायची जागा बदलली, टेकूंवरचा भार बदलला. बांगलादेशात ढाक्याजवळच्या राणा प्लाझामध्ये परवानगी नसलेले मजले वर चढवले होते, २०१३ मध्ये ती इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली.

शटरिंगबद्दल मालकांना विलो आयलंडची गोष्ट सांगा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये २७ एप्रिल १९७८ ला वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचं काम चालू होतं, परांची टॉवरच्याच काँक्रीटला पकडलेली होती आणि ते काँक्रीट आदल्या दिवशी ओतलेलं. त्यात भार घेण्याइतकी ताकद आलीच नव्हती. ते निसटलं आणि परांचीवरचे ५१ कामगार खाली गेले, एकही वाचला नाही. काँक्रीट वरून कडक दिसतं म्हणून आतून तयार असतं असं नाही. साधं सिमेंट आणि बरी हवा असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, आणि सहा मीटरहून मोठ्या गाळ्याच्या बीमखाली २१ दिवस, असा हिशोब धरतात. थंडी असेल किंवा राख मिसळलेलं सिमेंट असेल तर अजून वेळ. टेकू काढायचा निर्णय इंजिनिअरच्या सहीने व्हायला हवा, ठेकेदाराच्या घाईने नाही. आणि वरचा स्लॅब ओतताना खालच्या मजल्यावरही टेकू लागतात, तेव्हा खालून काढून वर लावायचं म्हणजे जिथे आधार हवा तिथूनच काढून घ्यायचा.

प्रश्न : माझे मिस्टर परांचीवर काम करतात. सगळ्यांना बेल्ट दिलेत पण हे म्हणतात अडकवायला जागाच नाही, मग कमरेला नुसता बांधून फिरतात. त्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर : ताई, न अडकवलेल्या बेल्टचा काहीच उपयोग नाही. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर माणूस लटकला तर पोटाला आणि पाठीला जबर मार बसतो, त्यामुळे खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस हवा आणि तो डोक्याच्या वर पक्क्या जागी, नाहीतर त्यासाठीच बांधलेल्या पक्क्या दोराला, म्हणजे लाइफलाइनला, अडकवायला हवा. पाण्याच्या पाइपला किंवा परांचीच्या सैल बांबूला नाही. दोरी आणि तिचा झटका झेलणारा भाग पूर्ण उघडेपर्यंत साधारण साडेपाच मीटर मोकळी जागा खाली लागते, म्हणजे पहिल्या मजल्यावर दोरी आवळायच्या आधीच माणूस जमिनीवर असतो. तिथे परांचीला कठडा, मधली आडवी पट्टी आणि मोकळ्या फटी न ठेवता टाकलेल्या फळ्या हेच करायला हवं. कठड्याला माणसाने काही अडकवायची आठवण ठेवावी लागत नाही, म्हणून मी कायम कठडा आधी मागतो.

अजून एक गोष्ट मिस्टरांना मुकादमाला विचारायला सांगा : कुणी हार्नेसवर लटकला तर त्याला खाली कोण आणि कशाने उतरवणार? लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठतं आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं, बाहेरून मदत येईपर्यंत थांबता येत नाही. एकट्याने विचारायला अवघड वाटत असेल तर चार-पाच जणांनी मिळून विचारा.

प्रश्न : आमचा सेफ्टी प्लॅन इंग्रजीत आहे आणि कामगार तीन वेगवेगळ्या भाषा बोलतात. रोज वाचून दाखवायचा का?

उत्तर : वाचून दाखवू नका, कुणी ऐकत नाही. रोज सकाळी पाच मिनिटं, त्या दिवशी जिथे काम आहे तिथे सगळ्यांना उभं करा, धोका हाताने दाखवा, आणि मग प्रत्येक भाषेतल्या एकाला विचारा की आज कुठे जायचं नाही. त्याने बरोबर जागा दाखवली तर काम सुरू, नाही दाखवली तर परत सांगा.