पश्मी पाळायचीय? मग केसांच्या आधी कंपाउंड बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. जतच्या पाहुण्यांकडून पश्मीचं, म्हणजे लांब केसांच्या मुधोळ हाउंड कुत्र्याचं पिल्लू मिळतंय, घर जुळे सोलापुरात, बंगला, पुढं थोडी बाग, मुलं 6 आणि 9 वर्षांची, घरात एक मांजर, आणि तुमची मेन काळजी अशी की लांब केसाचं कुत्रं आपल्याकडच्या उन्हात टिकेल का आणि घरभर केस होतील का. आमच्याकडे आधी कारवानी होता, म्हणजे त्याच जातीचा आखूड केसांचा, आता पश्मी कुत्री आहे, त्यामुळे सांगतो. केसांची चिंता सोडून द्या. कंपाउंडची उंची किती आहे ते आधी बघा.

केसांचं दोन मिनिटांत आटपतो. पश्मीचं अंग तसं बारीक केसांचंच असतं, लांब केस फक्त कानाला, शेपटीला आणि पायांच्या मागच्या बाजूला. अफगाण हाउंडसारखं डोक्यापासून पायापर्यंत झिपऱ्या नसतात. तुमच्या मिस्टरांना अफगाण आवडतो म्हणालात, तर आपल्याकडची धूळ आणि चार-पाच दिवसाआड येणारं नळाचं पाणी डोळ्यासमोर आणा आणि तो विचार तिथंच सोडा, तो कुत्रा धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा म्हणजे एक माणूस कामाला लागतो. पश्मीला आठवड्यातून दोनतीनदा कंगवा फिरवला की झालं, अंघोळ महिन्यातून एकदा सुद्धा पुरते. उन्हाळ्यात मशीन लावून भादरू मात्र नका, कातडी उघडी पडली की ऊन उलट जास्त लागतं. आणि पिल्लू बघायला जाल तेव्हा लांब केस दिसले नाहीत म्हणून फसवलं असं समजू नका, दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला ते नसतातच, कानाची झालर नीट यायला वर्ष-दोन वर्षं जातात.

केसांचा खरा ताप वेगळाच आहे, तो म्हणजे कुसळं आणि गोचीड. पावसाळा संपला की माळावरचं गवत वाळतं, त्याची कुसळं आणि गोखरूचे काटे पायाच्या केसात घुसतात, बोटांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात आणि तिथून कातडीत शिरतात. कुत्रं पाय चाटत बसलंय, बोटांमध्ये लाल फुगवटी आलीय असं दिसलं की समजायचं आत काहीतरी आहे. आमच्याकडे फिरून आलो की पायरीवर बसवून चारी पाय बघायचे, बोटं फाकवून, मग कान उलटा करून आतली घडी, मग शेपटीच्या मुळाशी. गोचीड नेमके तिथंच सापडतात. आधी तिळाएवढा दिसतो, दोन दिवस राहिला तर वाटाण्याएवढा टम्म. गोचीडतापाला हलक्यात घेऊ नका, ताप, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त तपासून वेळेत औषध सुरू झालं तर बरं होतं, उशीर झाला तर अवघड आहे.

आता उन्हाचं. ही जात आपल्या दख्खनच्या माळावरचीच, मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासली म्हणून मुधोळ हाउंड नाव पडलं, 2005 साली पोस्टानं तिकीट पण काढलं. त्यामुळे हस्कीवाल्यांसारखा एसी लावायची वेळ येत नाही. पण म्हणून मे महिन्यात 43-44 डिग्रीला दुपारी फिरवायचं असं नाही की. सकाळी साडेपाच-सहाला आणि रात्री रस्ता गार झाल्यावर. डांबरावर आपला उलटा हात टेकवून बघायचा, चटका बसला तर त्याच्याही पायाला बसतो. लई धापा टाकायला लागलं तर पोटाला, पायाला पाणी लावून फॅनखाली घ्या, आणि सोलापुरी टॉवेल ओला करून अंगावर पांघरू नका, उष्णता आत कोंडते, तोच टॉवेल खाली अंथरून त्यावर झोपू द्या. थंडीत उलटं, अंगात चरबी नसते त्यामुळे डिसेंबरात कुडकुडतं. कोपराला घट्टे पडतात म्हणून बारा महिने खाली काहीतरी मऊ लागतं. घरात जुनी चादर नाही असं सोलापुरात तरी होणार नाही.

आता मुद्द्याचं. पश्मी नाकानं शिकार करणारी जात नाही, ती नजरेनं करते. लांबवर काहीतरी हललं, खार, कोंबडी, शेळीचं करडू, उडणारी प्लास्टिकची पिशवी सुद्धा, की ती सुटली. एकदा सुटली की तुमची हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही, घरात शहाण्यासारखी 'बस' म्हणल्यावर बसणारी कुत्री ती हीच का असं वाटतं. त्यात खांद्यापाशी उंची 26-28 इंच, चार फुटाची भिंत म्हणजे तिला नुसती पायरी. सहा फूट पाहिजे, गेटच्या खाली फट नको, आणि भिंतीला टेकून कुंड्या किंवा टाकी ठेवू नका. मुलांना शिकवा, गेट उघडण्याआधी कुत्री कुठंय ते बघायचं, हे तुमच्या घरात सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण बाहेर होटगी रोडचं ट्रॅफिक तिला कळत नाही, ती मांजर बघते, ट्रक बघत नाही.

गळपट्टा साधा घेऊ नका. हिचं डोकं निमुळतं आणि मान जवळपास तेवढीच जाड, मागं जोर लावला की डोकं सटकन बाहेर. रुंद आणि ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा मिळतो तो घ्या, नाहीतर हार्नेस. ती लांब होत जाणारी दोरी अजिबात नको, पाच मीटर पळून फुल स्पीडला झटका बसला तर मानेलाही लागतं आणि तुमच्या खांद्यालाही. पण पळणं तिला लागतंच, फक्त चालून तिचं भागत नाही. चारी बाजूनं बंदिस्त जागा बघा, ओळखीच्या कुणाचा तारेचं कुंपण असलेला मळा असेल तर उत्तम, पंधरा मिनिटं जीव तोडून पळेल आणि मग दिवसभर सोफ्यावर. हो, सोफ्यावरच. उरलेला वेळ ही जात आळशी आहे, भुंकते कमी, घरात आहे का नाही कळत नाही.

पाहुणे मंडळी म्हणतील नान्नजकडं नाहीतर माळावर सोडा, ससा काढून देईल. नाही म्हणून सांगा. ससा, काळवीट, सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे, आणि नान्नज तर माळढोकाचं अभयारण्य आहे. पिल्लू विकणारा आईबापाचे शिकारीचे व्हिडिओ दाखवून भाव वाढवत असेल तर मी तिथून घेणार नाही.

मांजराचं म्हणाल तर पिल्लू लहान असताना आणलं आणि मांजरच घरात सीनियर असलं तर जमतं बहुतेक वेळा. पण तेच मांजर अंगणात पळायला लागलं तर ती त्याला घरचं म्हणून ओळखेल याची गॅरंटी मी देत नाही. मांजराला वर चढून बसायची जागा ठेवा आणि पहिले काही महिने दोघांना एकटं सोडू नका.

मुलांशी बरी असते पण लॅब्रॅडोरसारखी अंगाशी मस्ती करणारी नाही. झोपेत अंगावर पडलेलं, शेपटी ओढलेली तिला चालत नाही, आणि कुणी ओरडलं, मारलं तर ती दिवस दिवस कोपऱ्यात बसते, मनाला लावून घेते. नऊ वर्षांच्याला समजेल, सहा वर्षांच्यावर लक्ष ठेवा. वॉचमन म्हणून घेत असाल तर दुसरं काहीतरी बघा, आमची तर अनोळखी माणूस आला की उठून आत जाते.

खाण्यात नुसती ज्वारीची भाकरी आणि दूध देऊन गावाकडं कुत्री जगतात पण चांगली राहत नाहीत, अंडी, चिकन किंवा चांगलं फीड पाहिजे. छाती खोल असते, पोटभर खाऊन लगेच पळालं तर पोट फुगून पिळा पडायची भीती असते, म्हणून दोन वेळा थोडं थोडं आणि जेवणानंतर दीड-दोन तास पळवायचं नाही. आणि आपल्याकडं घरोघरी असतात त्या दोन गोष्टी, द्राक्षं-बेदाणे आणि शेंगाचटणी. बेदाण्यानं किडनी जाऊ शकते, चटणीत लसूण. मुलांच्या हातातून पडलेलं सुद्धा उचला. एवढं खाऊन पिऊन शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसणारच, ते नॉर्मल आहे. शेजारचे काका आम्हाला अजून विचारतात, "का बे, खायला घालत नाय का कुत्र्याला?" आपण हसायचं आणि तिला जाड करायच्या नादी लागायचं नाही.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की ही साइटहाउंड, म्हणजे नजरेनं शिकार करणारी हाउंड आहे. नसबंदी किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन करायची वेळ आली तर या जातींना थायोपेंटलची भूल सोसत नाही, शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, दुसरी औषधं आहेत. बहुतेक डॉक्टरांना माहीत असतं, तरी आपण बोललेलं बरं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, पाहुणे कितीही घाई करू देत. आई बघा, तिच्या जवळ जाता येतंय का बघा. ती माणूस बघून थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल तर पिल्लू कितीही देखणं असू दे, हो म्हणू नका. आणि घ्यायचंच ठरलं तर जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्यावर आणा, शोभेच्या दारूकामाच्या रात्री आमची मोठी कुत्री सुद्धा बाथरूममध्ये जाऊन बसते, नवीन पिल्लाला तो आवाज पहिल्याच आठवड्यात नको.