तो नेमका कुठे हसतो?

"मॅडम, तिसरीत गेला तरी हा चित्रांच्याच पुस्तकांत अडकलाय. वर्गातली बाकीची मुलं जाडजूड पुस्तकं वाचतात आणि आमचं ध्यान चड्डी, ढेकर आणि पादणं यांवर लोळून हसतंय. काही बिघडलंय का त्याचं?"

जून-जुलैत, शाळा नव्याने सुरू झाली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, काळजी तीच. त्यावरचं माझं उत्तरही इतकं पाठ झालं होतं, की दोन वर्षांपूर्वी एका आईला ते सांगताना मी सपशेल चुकले.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण चिकू म्हणू. वय आठ, इंग्रजी माध्यम, घरी मराठी. आई बँकेत, वडिलांची फिरतीची नोकरी आणि घरात निवृत्त शिक्षक असलेले आजोबा. पहिल्या भेटीला आई एकटीच आली. पिशवीतून तिने चार पुस्तकं काढली आणि पुरावा मांडावा तशी टेबलावर मांडली.

इंग्रजीत त्यांना 'अर्ली चॅप्टर बुक' म्हणतात. चित्रपुस्तक आणि कादंबरी यांच्या मधली पायरी. पानं पाऊणशे-शंभर, पण एका पानावर जेमतेम पाच-सहा ओळी, टाइप मोठा, उरलेल्या जागेत चित्रांचा धुमाकूळ. प्रकरणं छोटी, झोपायच्या आधी एक संपेल इतकी. तीच पात्रं पुढच्या पुस्तकात पुन्हा भेटतात, त्यामुळे दर वेळी कोण कुणाचा कोण हे नव्याने समजून घ्यावं लागत नाही. नुकतं वाचायला लागलेल्या डोक्यावरचं ओझं यामुळे बरंच हलकं होतं.

मी आईला जोरात धीर दिला. म्हटलं, हसवणारं पुस्तक म्हणजे खालच्या दर्जाचं पुस्तक, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत ओरड झाली होती की शाळेतली वाचनाची पुस्तकं इतकी नीरस आहेत की मुलं वाचायला शिकणार तरी कशी. त्यातून डॉ. स्यूस या मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकाला मोजक्या शब्दांची यादी देऊन गोष्ट लिहायला सांगितलं गेलं. १९५७ साली आलेल्या 'द कॅट इन द हॅट' या टोपीवाल्या मांजराच्या पुस्तकात वेगवेगळे शब्द आहेत फक्त २३६. तेवढ्यात त्यांनी घरभर दंगा घातला.

चिकूच्या गठ्ठ्यात 'कॅप्टन अंडरपँट्स'ही होतं. त्यावर तर मी भाषणच दिलं. १९९७ पासूनची ही मालिका, आणि २०१२ व २०१३ ही लागोपाठ दोन वर्षं अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ती पहिली होती. म्हणजे तुमच्यासारखे काळजीवाले पालक तिकडेही पुष्कळ आहेत! लेखक डेव्ह पिल्की यांना स्वतःला लहानपणी वाचनाची अडचण होती, डिस्लेक्सिया. शिवाय एका जागी बसवत नसे. बाई वर्गाबाहेर काढायच्या, इतक्या वेळा की व्हरांड्यात त्यांच्यासाठी वेगळं बाकच ठेवलं होतं. त्या बाकावर बसून दुसरीत त्यांनी हा चड्डीवाला नायक काढला.

आई हसली. "म्हणजे वाचू दे म्हणता?" "खुशाल वाचू दे," मी म्हटलं. ती हलकी होऊन गेली आणि मीही समाधानाने चहा मागवला.

वाचनाची अडचण असलेल्या मुलाची गोष्ट मी स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि ती मलाच ऐकू आली नाही.

साधारण महिन्याभराने आई परत आली, या वेळी चिकूला घेऊन. शाळेच्या डायरीत शेरा होता: वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलं की मुलगा बाथरूमला जातो, रोज. "घरी तर पुस्तक हातातून सोडत नाही," आई म्हणाली. "एकेक पुस्तक वीस मिनिटांत संपवतो."

वीस मिनिटांत? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पहिल्या भेटीत मी पुस्तकं पाहिली होती. त्या मुलाला वाचताना पाहिलंच नव्हतं.

माझ्याकडे या वयाच्या मुलांसाठी एक गोष्टीची वही आहे, मीच लिहिलेली. चित्रंही माझीच, म्हणजे वाईट. मुलं बऱ्याचदा गोष्टीऐवजी माझ्या चित्रकलेलाच हसतात. पण त्या वहीत एक खोच आहे. काही पानांवर गंमत फक्त चित्रात आहे. काहींवर ती चित्र आणि मजकूर यांच्या भांडणात आहे: ओळ म्हणते, "सरांना वाटलं, बादलीत पाणी आहे," आणि चित्रातल्या बादलीतून सहा बेडूक डोकावतात. आणि काही पानांवर चित्र अगदी मुकं आहे, नुसतं एक बंद दार, आणि शेजारी लिहिलंय: "मी अजिबात घाबरलो नाही. फक्त माझे पाय घाबरले आणि ते मला घेऊन पळाले."

चिकूला वही दिली आणि मी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेले, म्हणजे तसं दाखवलं. चित्रांच्या पानांवर तो खळखळून हसला. बेडकांनाही हसला, सरांना काय वाटलं हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पण बेडूक ते बेडूकच. बंद दाराचं पान मात्र त्याने तसंच उलटलं. मग त्याचंच एक आवडतं इंग्रजी पुस्तक घेतलं, एका पानावरच्या चित्रावर पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हटलं, वाच. त्याने धडाधड म्हणून दाखवलं. आवाजात चढउतार, मध्ये दम, सगळं झकास. फक्त पानावर ते नव्हतं. चित्र आठवून त्याने गोष्ट जागच्या जागी रचली होती, आणि खरं सांगायचं तर मूळ मजकुरापेक्षा ती जास्त रंगली होती. मग मी त्याने न पाहिलेल्या पुस्तकातलं एक पान उघडलं, पुन्हा चित्र झाकलं. तो गप्प. "माझ्या पोटात दुखतंय."

मी पोस्टकार्ड उचललं आणि बंद दाराचं ते पान त्याला वाचून दाखवलं. "फक्त माझे पाय घाबरले..." इथपर्यंत आले आणि तो फिस्सकन हसला. पुन्हा वाचा म्हणाला.

या एका हसण्याने पुष्कळ सांगितलं. भाषा त्याला कळत होती, तिरकी गंमतही पकडता येत होती, बुद्धीत कसलीच कमतरता नव्हती. ऐकून कळत होतं आणि वाचून कळत नव्हतं. अडत होतं ते अक्षरापासून शब्दापर्यंतच्या वाटेवर. हे त्याने इतकी वर्षं झाकलं कसं, तर चित्रांच्या आधाराने. हसवणाऱ्या पुस्तकांमुळे त्याचं वाचन अडलं नव्हतं. अडलेलं वाचन लपवायला त्याला तीच जागा सापडली होती, कारण तिथे चार माणसांत बसून हसता येतं आणि कुणाला संशय येत नाही.

पुढचं भराभर सांगते. आधी डोळे तपासले, कान तपासले. हे दोन टप्पे लोक गाळतात आणि मग पस्तावतात. चष्म्याचा किरकोळ नंबर निघाला, त्याने फरक पडण्यासारखं काही नव्हतं. नंतर स्पेशल एज्युकेटरकडे, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं, तिथे काही बैठकींत रीतसर मूल्यांकन झालं आणि आठवड्यातून दोनदा शिकवणी सुरू झाली. निदान मी करत नाही, ते माझं काम नाही, आणि इथे ते लिहिणारही नाही. एवढंच सांगते, की अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा आहे आणि दहावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. तेव्हा 'शिक्का बसेल' म्हणून तपासणी टाळू नका.

पण आईचा पुढचा प्रश्न ऐका. "म्हणजे आता ही पुस्तकं बंद करू ना?" आजोबांनी तर ती माळ्यावर टाकलीही होती.

मी आजोबांना बोलावून घेतलं. आले ते ताठ. "मॅडम, चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय मी. चित्रं दिली की मुलगा शब्दांकडे बघत नाही. आणि विनोद म्हणजे काय, तर पादणं?"

"सर, तुम्ही आठव्या वर्षी काय वाचत होतात?"

"ताम्हनकरांचा गोट्या. चांदोबा."

"चांदोबात चित्रं होती ना?"

ते थांबले. मग खांद्यावर प्रेत घेऊन चाललेल्या विक्रमाचं चित्र त्यांनी मला हातवारे करून दाखवलं, तलवारीसकट. चांदोबा हाती आला की आधी सगळी चित्रं बघून घ्यायची आणि मग गोष्ट वाचायची, अशी त्यांची रीत होती. भावाशी त्यावरून मारामारीही झाली होती. "आणि गोट्या वाचून हसायचात?" यावर उत्तर आलं नाही, पण मिशी हलली.

पादण्याबद्दल मी त्यांना एवढंच म्हटलं, की सहा ते नऊ वर्षांच्या मुलांवर दिवसभर नियमांचा मारा असतो: इथे बोलू नको, असं बसू नको, चारचौघांत हे म्हणू नको. ते नियम नुकते कळायला लागलेत, म्हणूनच कुणीतरी ते मोडलेले पाहून एवढं हसू येतं. नियमच माहीत नसता तर गंमत वाटली नसती. पटलं की नाही कोण जाणे, पण पुस्तकं माळ्यावरून खाली आली.

मग ठरलं ते असं. रोज रात्री दहा मिनिटं, घड्याळ लावून, त्याहून जास्त नाही. आजोबा निवेदन वाचणार, चिकू फक्त पात्रांच्या तोंडचं, फुग्यातलं वाचणार. फुग्यात तीन-चारच शब्द असतात, आणि आपली पाळी येईपर्यंत ते मनात जुळवायला वेळ मिळतो. इंग्रजी पुस्तकांच्या जोडीला चिंटूचे संग्रह आणले. १९९१ पासून वर्तमानपत्रात आलेल्या या चित्रपट्ट्या आजोबांनाही माहीत होत्या, त्यामुळे 'हलकं काहीतरी' वाचतोय अशी त्यांची कुरकुर कमी झाली. पट्टीत शेवटच्या चौकटीवर सगळी भिस्त असते. तो शब्द चुकला की विनोद पडतो. म्हणून चिकू आईला ऐकवायच्या आधी तीच पट्टी चार-चार वेळा एकटा म्हणून बघायचा. धडा चारदा वाच म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आणखी एक गोष्ट मला आजोबांनीच दाखवली, ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. मराठीत बाकी अक्षरं सरळ चालतात, मुलं ठेचकाळतात ती जोडाक्षरांपाशी. 'उद्घाटन', 'स्वच्छ', 'विद्यार्थी' दिसलं की चिकू पुस्तक मिटायचा. आणि गमतीच्या पुस्तकांत जोडाक्षरं वेष पालटून येतात: धप्पकन, फुस्स, खळ्ळकन, टण्ण, छ्या! आजोबांनी असल्या आवाजांची एक यादीच केली, भिंतीवर लावली आणि रोज एकाची भर घालायची जबाबदारी नातवाला दिली. 'प्प' कसा लिहायचा हे धप्पमधून शिकलेला मुलगा पुढे 'गप्पा' आणि 'टप्पा' न अडखळता वाचतो. निवृत्त शिक्षकाला यात पुन्हा नोकरी लागल्याचा आनंद झाला असावा.

पालकांची खरी अडचण मला मान्य आहे. मराठीत अगदी लहानांसाठी सुरेख चित्रपुस्तकं आहेत, माधुरी पुरंदरे यांनीच किती दिली आहेत. मोठ्यांसाठी फास्टर फेणे, बोक्या सातबंडे आहेत. मधली पायरी, भरपूर चित्रं आणि छोटी प्रकरणं असलेली, मला तरी अपुरी वाटते. मुलं मग इंग्रजीकडे जातात, नाहीतर वाचनच सोडतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक चाळून बघा. प्रथम बुक्स या प्रकाशनाने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्याही आहेत. पुस्तक मुलाला झेपतंय का हे बघायची जुनी युक्ती अशी: मधलंच एक पान वाचायला द्यायचं आणि अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक तुम्ही त्याला वाचून दाखवा, त्याने वाचायला अजून अवकाश आहे.

बहुतेक घरांत चिकूसारखं काही नसतं. मूल सरळ मजेत वाचत असतं, पुढे आपणहून जाडी पुस्तकं घेतं, मध्येच पुन्हा चड्डीवाल्याकडे परततं, आणि माझं पहिल्या भेटीतलं भाषण त्यांना तंतोतंत लागू पडतं. फक्त आता ते देण्याआधी मी आईबाबांना एक काम सांगते. मूल वाचत असताना लांब बसा, भाजी निवडा, आणि ते नेमकं कुठे हसतं ते बघा. चित्र मुकं आहे आणि तरी हसलं, तर निश्चिंत राहा. महिना-दोन महिने पाहूनही हसू फक्त चित्रांवरच फुटत असेल, मोठ्याने वाचायचं म्हटलं की तहान लागत असेल, पोटात दुखत असेल, तर मात्र या.

चिकू आता पाचवीत आहे. वाचन अजून संथ आहे, शिकवणी चालू आहे, परीक्षेच्या आधी घरात अजून रडारड होते. मागच्या महिन्यात आला तेव्हा त्याने स्वतः केलेलं आठ पानांचं पुस्तक आणलं होतं, स्टेपल मारून. मुखपृष्ठावर मिशीवाले एक आजोबा विजारीसकट आकाशात उडत होते. मला हसू आवरेना.

"थांबा ना मॅडम," तो वैतागला. "मी अजून वाचलं कुठे?"