फोन लावायला पहाटेची वाट पाहू नका

नवी बॅच वॉर्डात आली की माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. विद्यार्थ्याचा इंटर्न होतो, इंटर्नचा रेसिडेंट (वॉर्डात काम करत पुढचं शिक्षण घेणारा डॉक्टर), रेसिडेंटचा सीनियर. हे एका रात्रीत घडतं. काल जे येत नव्हतं ते आजही येत नसतं, फक्त सही करायचा अधिकार आलेला असतो. गोंधळ उडतो तो इथेच. या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी अजून विद्यार्थिनी आहे, पण रुग्ण 'डॉक्टर' म्हणतात. सांगून टाकू की राहू देऊ?

सांगा, पहिल्याच वाक्यात. आणि 'तपासू का?' हेही विचारा. नाही म्हणायचा हक्क रुग्णाला आहे.

प्रश्न : रक्त घेताना वापरलेली सुई बोटात गेली. सोबतचे म्हणाले, 'धुऊन टाक, सगळ्यांना टोचते.' तीन दिवस झाले. आता काय करू?

हे वाचून होताच रुग्णालयात जाऊन संसर्ग नियंत्रण विभागाला किंवा तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना सांगा. 'सगळ्यांना टोचते' हा काही वैद्यकीय सल्ला नव्हे. एचआयव्ही टाळण्याची औषधं पहिल्या काही तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांच्या आत तर नक्कीच, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. तुमची वेळ टळली असेल किंवा टळत आली असेल, तरी घरी बसून हिशेब मांडू नका. हिपॅटायटिस बीची तुमची लस पूर्ण झाली आहे का, अंगात पुरेशी प्रतिपिंडं आहेत का, हेही पाहावं लागेल. हिपॅटायटिस सीसाठी अशी आधी घ्यायची गोळी नाही, म्हणून ठरलेल्या वेळी रक्ताच्या तपासण्या करायच्या. पुढे कुणाला असं झालं तर साबण-पाण्याने धुवावं, जखम पिळू नये आणि लगेच कळवावं.

प्रश्न : पहिल्या वर्षाचा रेसिडेंट आहे. रात्री सीनियरना फोन केला की 'एवढंही कळत नाही का?' असं ऐकावं लागतं. बॅचमधले म्हणतात, जो फोन करत नाही तोच चांगला रेसिडेंट. नेमकं कधी उठवावं?

या एका प्रश्नासाठी मी बाकीचे सगळे बाजूला ठेवायला तयार आहे.

मी पहिल्या वर्षाला असतानाची एक रात्र सांगते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस, मध्यमवयीन गृहस्थ. रात्री अडीच वाजता नाडी ११८, बीपी ठीक, ताप जेमतेम. केसपेपरवर श्वासाचा दर संध्याकाळपासून २०, २०, २० असा ओळीने लिहिलेला. सिस्टर मला म्हणाल्या, 'डॉक्टर, ते वाक्य पुरं करू शकत नाहीत, जरा मोजा ना.' मी मिनिटभर मोजला. २८ भरला. सिस्टर म्हणाल्या, 'फोन लावा.' मी रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला, कारण 'किरकोळ गोष्टीसाठी उठवू नका' असं संध्याकाळीच बजावलेलं होतं. पाच वाजता बीपी कोसळलं तेव्हा फोन केला. पोटात जंतुसंसर्ग पसरला होता. ते वाचले, पण अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून. ते अडीच तास माझ्या हातात होते.

श्वासाचा दर हा बिघाडाचा फार लवकर दिसणारा इशारा आहे, आणि केसपेपरवर सर्वांत जास्त वेळा अंदाजाने लिहिला जाणारा आकडाही तोच. कुणी लिहिला आहे हे न बघता स्वतः पूर्ण मिनिट मोजा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली 'न्यूज' (NEWS) ही रुग्णाची तब्येत बिघडते आहे का हे ओळखायची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना त्यात गुण असतात. श्वास २५ किंवा त्याहून जास्त असला की त्या एकट्यालाच तीन गुण, आणि एकाच गोष्टीला तीन गुण मिळाले तरी रुग्णाला तातडीने पाहायचं. बेरीज पाच झाली तरी तेच. सात झाली की ती आणीबाणी. तुमच्या रुग्णालयात वेगळी पद्धत असेल तर ती पाळा, पण कुठली आहे ते ड्युटी सुरू होण्याआधी विचारून ठेवा.

आकडा बसत नसेल आणि तरीही मनात पाल चुकचुकत असेल तर तेही पुरेसं कारण आहे. अनुभवी सिस्टरने 'फोन लावा' म्हटलं तर तेवढ्यावरच लावा.

फोनवर अघळपघळ बोलू नका, सीनियर वैतागतात ते बहुतेकदा त्यामुळेच. रुग्ण कोण आणि आत्ता काय झालंय, आधीची हकीकत दोन वाक्यांत, मला काय वाटतंय, आणि तुमच्याकडून काय हवंय. 'मला काळजी वाटते आहे, तुम्ही येऊन बघा' हे स्पष्ट शब्दांत म्हणा. फोनवर मिळालेला औषधाचा डोस परत वाचून दाखवा. कितीला फोन केला ते केसपेपरवर लिहा. उचलला नाही तर त्यांच्या वरच्यांना लावा. आणि फोन केल्याबद्दल अपमान होतच राहिला तर युनिटप्रमुखांना भेटा, कारण रुग्णाच्या दृष्टीने ते धोक्याचं आहे. बॅचमधल्यांच्या व्याख्येने कुठल्याही रुग्णाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

प्रश्न : नाईट संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी गेलं तर चालेल का?

नाही. अमेरिकेतल्या इंटर्नवरचा २००५ सालचा अभ्यास आहे: २४ तासांहून लांब ड्युटीनंतर अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक.

प्रश्न : जागं राहण्यासाठी मोडाफिनिल घेणारे बरेच जण आहेत. 'ब्रेन बूस्टर' कॅप्सूलच्या जाहिरातीही रेसिडेंटसाठी म्हणूनच येतात. घ्यावं का?

मोडाफिनिल हे झोपेच्या आजारांसाठी चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. क्वचित पण गंभीर असं त्वचेवरचं पुरळ येऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, हे ते वाटणारा मित्र सांगत नाही. कॅप्सूलवाल्यांना तुमची दमणूक विकायची आहे, ती घालवायची नाही. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या प्रयोगात १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली होती. त्यावर उपाय झोपेचाच. ड्युटीआधी झोपा, मध्ये वीस मिनिटं मिळाली तर पाठ टेका, आणि इन्सुलिन, पोटॅशियम, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांचा डोस रात्री दुसऱ्याकडून तपासून घ्या. सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, स्वतःच स्वतःला औषध लिहू नका.

प्रश्न : इन्सुलिन लिहिताना 'युनिट' पूर्ण लिहायलाच हवं का?

हो. घाईत लिहिलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात.

प्रश्न : यंदा मी सीनियर झाले. ज्युनियर मैत्रिणीच आहेत, त्यामुळे कामं सांगायला जड जातं. कडक वागू का?

कडकपणाची गरज नाही, पण स्पष्टपणा हवा. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र सांगा की श्वास, बीपी, शुद्ध किंवा लघवीचं प्रमाण बिघडलं, नातेवाईक घाबरले, किंवा नुसती शंका आली तरी मला उठवायचं. मग रात्री तीनला फोन आला की पहिला शब्द 'बरं केलंस' हाच यायला हवा. चूक दाखवायची तर बाजूला नेऊन दाखवा, रुग्णासमोर नको. वाद चिघळला तर युनिटप्रमुखांना वेळेवर सांगा.

प्रश्न : मुलगा इंटर्न आहे. महिनाभर धड जेवत नाही, मित्रांचे फोन घेत नाही. परवा म्हणाला, 'मी नसतो तर बरं झालं असतं.' शेजारचे म्हणतात, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. खरं का?

ताई, शेजाऱ्यांचं ऐकत बसू नका. सुरुवातीला दमणूक सगळ्यांनाच होते, पण हे वाक्य दमणुकीचं नाही. आजच त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात येते, हा गैरसमज आहे. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल, किंवा तो गप्प राहिला, तर त्याला एकटं सोडू नका. वॉर्डातली औषधं त्याच्या हाताशी असतात हे लक्षात घ्या, घरातली औषधं हलवा आणि तातडीने मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, गरज पडली तर रात्रीच तातडीच्या विभागात. 'नाही' म्हणाला तरी या आठवड्यातच तज्ज्ञांना दाखवा. तो स्वतः डॉक्टर होतोय म्हणून त्याला हे आपोआप कळेल असं धरून चालू नका. रजा आणि ड्युटी बदलण्याचं त्याच्या विभागप्रमुखांशी बोलता येईल, पण ते नंतर. आधी तज्ज्ञांची वेळ घ्या आणि सोबत तुम्ही जा.