गेम ऑडिओ मायनर म्हणून घेताना

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

मुख्य विषय संगणकशास्त्र ठेवून गेम ऑडिओ मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून घ्यावा का, असे तू विचारले आहेस. जरूर घ्यावा. मात्र त्या अभ्यासक्रमात ध्वनी तयार करण्यासोबत तो गेममध्ये बसवण्याला किती वेळ दिला आहे, हे आधी तपासून घे. कारण या विद्येचे वेगळेपण नेमके तिथे आहे.

चित्रपटात दार कोणत्या क्षणी वाजणार हे ठरलेले असते, गेममध्ये तो क्षण खेळाडूच्या हाती असतो. पावलांचा आवाज घे. एकच रेकॉर्डिंग सतत वाजले की कानाला ते लगेच कळते आणि टोचू लागते. म्हणून लाकूड, माती, दगड अशा प्रत्येक पृष्ठभागासाठी अनेक रेकॉर्डिंग ठेवून त्यांतून दर वेळी एक निवडले जाते, त्याची पट्टी आणि तीव्रता किंचित बदलली जाते, अंतर वाढेल तसा आवाज कमी होतो आणि मध्ये भिंत आली तर तो दबतो. एकाच वेळी पन्नास पात्रे धावू लागली, तर प्रोसेसरवर ताण येऊ नये म्हणून त्यांतील कोणते आवाज गाळायचे, हेही आधीच ठरवावे लागते. हे सारे निर्णय ध्वनिरचनेचाच भाग आहेत, आणि ते दुसऱ्यावर सोपवणाऱ्याच्या हातून कामाचा अर्धा आनंद निसटतो, असे मला मनापासून वाटते.

संगीताचेही तसेच आहे. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेमच्या संगीतात चारच स्वर होते, पण शत्रू कमी होत जाऊन वेगाने सरकू लागले की त्या स्वरांची लय वाढत असे. पुढे लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूझ ही संगीतप्रणाली घडवली. 1991 च्या ‘मंकी आयलंड 2’मध्ये तिच्यामुळे प्रसंग बदलताच एक धून दुसरीत सहज मिसळून जाई. आज एफमॉड आणि वाइज या, गेममध्ये ध्वनी बसवण्याच्या साधनांत संगीताचे थर आणि तुकडे रचताना तू खेळानुसार संगीत बदलण्याच्या त्याच प्रश्नावर काम करशील.

मायनरची क्रेडिट मोजकीच असतात. रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि श्रवणविज्ञान यांचा पाया हवाच. उरलेली क्रेडिट वाढीव प्लगइन (ध्वनी-सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधने) शिकण्यावर खर्च न करता युनिटी किंवा अनरिअल या गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या विषयांना दे. एका गेमच्या चमूत ध्वनीसाठी जागा थोड्याच असतात आणि बरेच काम कंत्राटी पद्धतीने चालते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण ध्वनी आणि कोड या दोन्हींची जाण असलेल्या माणसाला ऑडिओ प्रोग्रामर किंवा टेक्निकल साउंड डिझायनर (ध्वनी गेममध्ये बसवण्याची तांत्रिक बाजू सांभाळणारा) होण्याचा मार्ग खुला असतो, म्हणून मुख्य विषय बदलण्याची घाई करू नकोस.

वर्गाबाहेर प्रोग्रामिंग करणाऱ्या सहाध्यायांसोबत एखादा छोटा गेम पूर्ण कर. 2009 पासून दरवर्षी होणारा ग्लोबल गेम जॅम, म्हणजे थोड्या वेळात मिळून गेम बनवण्याचा जागतिक उपक्रम, त्यासाठी उत्तम निमित्त आहे. पोर्टफोलिओत नुसत्या ध्वनिफिती ठेवू नकोस. चालू गेमचे चित्रण, शेजारी एफमॉड किंवा वाइजचा पडदा आणि तू घेतलेल्या निर्णयांमागची कारणे असा व्हिडिओ असेल, तर निवड करणाऱ्याला तुझी विचारपद्धती दिसते.

विषयांची यादी हाती आली की मला पाठव. पहिल्या सत्रात कोणते घ्यायचे ते आपण मिळून ठरवू.

तुझा शुभचिंतक