लॉन्ड्रीतल्या बायकांवर पीएचडी करू की नको? एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

तुझं पत्र लांब झालं म्हणून सॉरी लिहिलंयस, त्याची काही गरज नाही, उलट एवढं सविस्तर लिहिलंस म्हणूनच नीट उत्तर देता येतंय. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. इतिहासात एमए होत आलंय, १९व्या शतकातल्या शहरांमधल्या धुणं धुणाऱ्या बायका हा विषय डोक्यात घट्ट बसलाय, त्यावर ब्रिटन किंवा अमेरिकेत पीएचडी करायचीये, पण रोज बातमी येते की अमुक डिपार्टमेंट बंद, तमुक ग्रँट रद्द, आणि बाबांचं म्हणणं असं की ज्या क्षेत्रातले प्राध्यापकच घरी बसवले जातायत तिथे तू जाऊन काय करणार.

बाबा उगाच घाबरवत नाहीयेत गं. बातम्या खऱ्या आहेत. हंगेरीच्या सरकारने २०१८ मध्ये जेंडर स्टडीजच्या (समाजातल्या स्त्री-पुरुष भेदाचा अभ्यास) मास्टर्सची मान्यताच काढून घेतली, आणि तो कोर्स चालवणाऱ्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला (मुख्यतः एका वेगळ्या कायद्याच्या दबावामुळे) २०१९ मध्ये बुडापेस्ट सोडून व्हिएन्नाला जावं लागलं. न्यू कॉलेज ऑफ फ्लोरिडाच्या ट्रस्टींनी २०२३ मध्ये जेंडर स्टडीज बंद करायच्या बाजूने मत दिलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एंडोमेंट फॉर द ह्युमॅनिटीजच्या (इतिहास, भाषा अशा विषयांना पैसे देणारी सरकारी संस्था) हजाराहून जास्त ग्रँट एकदम रद्द झाल्या, आणि त्याच वर्षी शिकागो युनिव्हर्सिटीच्या बऱ्याच ह्युमॅनिटीज डिपार्टमेंटनी पुढच्या वर्षाचे पीएचडी प्रवेश थांबवले किंवा कमी केले. कार्डिफ युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२५ मध्ये ४०० फुलटाइम जागा कमी करायचा प्रस्ताव आणला, त्यात एन्शंट हिस्टरीचं नाव होतं, नंतर विरोध झाल्यावर आकडा खाली आला पण लोकांची झोप उडायची ती उडालीच.

पण ह्या सगळ्या बातम्या एकाच पिशवीत टाकू नकोस. हंगेरी आणि फ्लोरिडात निर्णय राजकीय होता, तिथे डोळ्यात खुपलं ते कोर्सचं नाव आणि त्यातला विचार. ब्रिटनमध्ये मुख्यतः पैशाचं गणित बिघडलंय, फी वर्षानुवर्षं जवळपास तिथेच राहिली, खर्च वाढत गेला, जास्त फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर युनिव्हर्सिट्या अवलंबून राहिल्या आणि तेही कमी झाले, मग ज्या विषयाला पोरं कमी तो विषय आधी कापला जातो, मग तो जेंडर असो नाहीतर ग्रीक. तू कुठे अप्लाय करतेयस त्यावर तुला कुठला धोका आहे ते ठरतं, आणि त्यावरून अ‍ॅडमिशनच्या आधी काय विचारायचं तेही ठरतं.

आता विषयाबद्दल, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त जीव ओतलेला दिसला तो तिथे. विषय उत्तम आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात अटलांटामध्ये धुणं धुणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी संप केला, सुरुवातीला २० जणी होत्या, तीन आठवड्यात ३,००० झाल्या, दर ठरवून मागत होत्या, पोलिसांनी अटका केल्या, नगर परिषदेत २५ डॉलरच्या लायसन्स फीची धमकी निघाली तर ह्यांनी मेयरला पत्र लिहून सांगितलं की फी भरू पण लायसन्स मिळालं की शहराचं सगळं धुणं आमच्या हातात राहील. विचार कर, गुलामगिरी संपून जेमतेम १६ वर्षं झालेली. आणि हे आपल्यापर्यंत पोचलं ते बरंचसं संपाच्या विरोधात लिहिणाऱ्या पेपरातून! विरोधकाच्या कागदातून ह्या बायकांचा आवाज कसा शोधायचा, हेच ह्या विषयाचं खरं कसब आहे. शहर कोणाच्या मेहनतीवर स्वच्छ दिसत होतं, हौदाचं पाणी कोणाला मिळत होतं, भट्टीची वाफ कोणाच्या छातीत जात होती, धुणं पोचवायला बाई कुठल्या रस्त्याने एकटी चालत जाऊ शकत होती, हे प्रश्न शहराच्या नकाशाचे पण आहेत आणि बाईच्या मजुरीचे पण. अर्बन आणि जेंडर असे दोन विषय जोडतेय असं प्रपोजलमध्ये लिहू नकोस, तुझ्याकडे ते मुळातच एक आहेत.

ह्या विषयाचा अजून एक फायदा आहे जो कदाचित तुझ्या लक्षात आला नसेल. बरीच साधनं आज घरबसल्या आणि फुकट मिळतात. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ चे १,९७,००० च्या वर खटले ऑनलाइन आहेत, त्यात चोरीला गेलेल्या चादरी आणि शर्टांच्या मागोमाग धोबिणी साक्ष द्यायला येतात, कधी आरोपी म्हणून येतात, आणि बोलता बोलता आपण किती वाजता उठतो, कोणाकडे काम करतो, कपडे कुठे वाळत घालतो ते सांगून जातात. चार्ल्स बूथने १८८६ ते १९०३ मध्ये लंडनचा जो गरिबीचा सर्व्हे केला त्याचे रंगीत नकाशे आणि मूळ वह्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने ऑनलाइन ठेवल्यात. तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की त्या सर्व्हेत क्लारा कॉलेटने बायकांच्या कामावर लिहिलं आणि पुढे ती सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये ह्याच विषयावर काम करत राहिली, म्हणजे प्राध्यापकी न करता शहरातल्या बायकांच्या कामाचा अभ्यास हेच जिचं करिअर होतं अशी बाई सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलीये, हे बाबांना जरूर सांग.

मी तुला अगदी आग्रहाने सांगेन की प्रपोजल असं बांध की अर्धं काम कुठल्याही एका युनिव्हर्सिटीच्या भिंतीवर अवलंबून नसेल. लंडनच्या विमेन्स लायब्ररीचंच बघ, १९२६ मध्ये मताधिकार चळवळीतल्या बायकांनी सुरू केलेला संग्रह, २००२ पासून लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीकडे एका खास इमारतीत होता जिचा दर्शनी भाग म्हणजे १८४६ चं कपडे धुण्याचं जुनं सार्वजनिक घर, आणि २०१२ मध्ये युनिव्हर्सिटीने खर्च परवडत नाही म्हणून हात वर केले. लोकांनी मोहीम काढली, शेवटी २०१३ मध्ये संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेला, कागद वाचले, पण ती धुण्याच्या घराची जागा गेली. तेव्हा जिथे परवानगी असेल तिथे पहिल्या वर्षीच कागदांचे फोटो काढून ठेव, पत्ता-तारीख-फाइल नंबर नीट लिहून, दोन ठिकाणी कॉपी, आणि प्रत्येक चॅप्टरला दुसरं एक अर्काइव्ह पर्यायी शोधून ठेव. कंटाळवाणं काम आहे, पण ते सोडू नकोस.

आता पैसे. इथे मी अजिबात मवाळ होणार नाही. स्वतःच्या किंवा घरच्या पैशावर, कर्ज काढून ही पीएचडी करू नकोस. फंडिंग मिळालं तर जा, नाही मिळालं तर वर्षभर थांबून परत अप्लाय कर, तरीही नाही मिळालं तर दुसऱ्या रस्त्याने हा विषय कर, तो पण सांगते खाली. ब्रिटनमध्ये २०२५-२६ साठी सरकारी रिसर्च कौन्सिलचा किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता, लंडनमध्ये थोडा जास्त, त्यात एकटीचं भागतं पण घरी पाठवायला काही उरेल असं धरू नकोस. आणि ह्या जागाही कमी होतायत, आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज रिसर्च कौन्सिलने दरवर्षीच्या स्टुडंटशिप ४२५ वरून २०२९-३० पर्यंत साधारण ३०० वर आणायचं आधीच जाहीर केलंय. अमेरिकेत बहुतेक चांगल्या डिपार्टमेंट पाच वर्षांचं फंडिंग देतात पण इतिहासाची पीएचडी अनेकांची सहा-सात वर्षं चालते, तर शेवटच्या वर्षांचं काय हे ऑफर घ्यायच्या आधी विचार, आणि उत्तर ईमेलवर घे, फोनवर नको.

विचारायचंच म्हणतेय तर अजून. गाइडची नोकरी पर्मनंट आहे का, येत्या तीन-चार वर्षांत रिटायर होणारेत का, डिपार्टमेंटमध्ये गेल्या दोन वर्षांत नोकरकपात झालीये का, दुसरा गाइड कोण आणि तो दुसऱ्या डिपार्टमेंटचा चालेल का, आणि कोर्स बंद झालाच तर चालू विद्यार्थ्यांना पूर्ण करू देण्याबद्दल युनिव्हर्सिटीचा लेखी नियम काय आहे. तुला वाटेल असं विचारणं उद्धट दिसेल. नाही दिसत. तिथले प्राध्यापक स्वतः हेच प्रश्न रोज एकमेकांना विचारतायत, आणि जो गाइड ह्यावर मोकळेपणाने बोलत नाही त्याच्याकडे चार वर्षं काढणं तसंही अवघडच जाईल. सध्या तिथे पीएचडी करणाऱ्या एक-दोघींना पण लिही, त्या खरं सांगतात.

तू विचारलंयस की प्रपोजलमधून जेंडर हा शब्द काढून टाकू का. माझं मत, शब्दासाठी भांडू नकोस आणि शब्दासाठी प्रश्न पण बदलू नकोस. जिथे फंडिंग देणाऱ्याला त्या शब्दाचीच अडचण आहे तिथे "१८७० ते १९०० मधल्या लॉन्ड्री कामगार बायकांची मजुरी, पाणी आणि राहती घरं" असं ठोस लिही, ते अभ्यास म्हणून पण जास्त चांगलं प्रपोजल आहे. पण कोणी म्हणालं की बायका काढ आणि नुसता लॉन्ड्री उद्योग कर, तर ती जागा तुझी नाही, सरळ दुसरीकडे बघ.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की अशा काळात हे लिहून काय फरक पडतो. त्यावर मी खूप वेळ विचार केला. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा गेटोमध्ये (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) इमॅन्युएल रिंगेलब्लुम ह्या इतिहासकाराने ओयनेग शाबेस नावाचा गुप्त गट उभा केला होता, युनिव्हर्सिटी नाही, पगार नाही, खायला नाही, आणि तरी कामाची रीतसर वाटणी, प्रश्नावल्या, विषयांची आखणी. त्यात सेसिलिया स्लापाकोवाला काम दिलं होतं गेटोतल्या बायकांचं, त्या कशा जगतात, काय विकतात, घर कसं चालवतात हे त्यांच्याशी बोलून लिहायचं. राखेल आउअरबाख लेश्नो रस्त्यावर गरिबांसाठी सूपचं किचन चालवत होती, तिने त्याच किचनबद्दल लिहिलं. स्लापाकोवाला १९४२ मध्ये मारलं, रिंगेलब्लुमला १९४४ मध्ये. कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरले होते, त्यातले १९४६ आणि १९५० मध्ये सापडले, आणि ते शोधायचा आग्रह धरायला गटातली अगदी मोजकी माणसं उरली होती, राखेल त्यातली एक. तुझ्या परिस्थितीची बरोबरी त्याच्याशी करत नाहीये, करूच नये. पण शहरातली बाई कशी जगली हा प्रश्न मरणाच्या दारात बसलेल्या माणसांनाही इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी त्यासाठी वेगळी माणसं नेमली, तर तो किरकोळ प्रश्न आहे असं तुला कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस.

आता दुसरा रस्ता. प्राध्यापकाची पर्मनंट जागा मिळेल असं धरून चालू नकोस, खूप हुशार लोकांना मिळत नाहीये. पण पीएचडी करताना तू ज्या गोष्टी शिकशील त्या नीट निवडल्यास तर दारं उघडी राहतात. जुनी हस्ताक्षरं वाचणं, अर्काइव्हचं कॅटलॉगिंग, मुलाखती घेणं आणि त्यांची संमतीपत्रं, जुन्या नकाशांवर आकडे बसवायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर (फुकट आहे, आजपासून शिकायला घे). व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात बायका शहर कसं वापरतात ह्याचा अभ्यास करून घरं, बागा, फुटपाथ आखायला सुरुवात केली, फ्राउएन-वेर्क-श्टाट नावाची वसाहतच बायका आर्किटेक्टनी डिझाइन केली, आणि आता अशा नियोजनाची माणसं इतर शहरांनाही लागतात. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये २०१५ मध्ये बायकांच्या इतिहासाचं म्युझियम होणार असं सांगून प्रत्यक्षात बायकांचे खून करणाऱ्या जॅक द रिपरचं म्युझियम उघडलं, त्या रागातून काही जणींनी ईस्ट एंड विमेन्स म्युझियम सुरू केलं. अशा ठिकाणी पगार छोटे असतात, प्रोजेक्टवर असतात, हेही खरं, पण काम खरं असतं आणि वाचणारे-बघणारे लोक युनिव्हर्सिटीपेक्षा कितीतरी जास्त.

बाबांशी बोलताना "मला आवडतं" एवढ्यावर थांबू नकोस, त्यांना अट सांग, फंडिंग असेल तरच जाईन आणि दोन प्रयत्नांत नाही मिळालं तर अर्काइव्ह किंवा म्युझियमचा कोर्स करून नोकरी धरेन. माझा अनुभव असा की आईवडील विषयाला घाबरत नाहीत, शेवट कुठे आहे ते दिसत नाही म्हणून घाबरतात. बहुतेक डेडलाइन डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात, म्हणजे आत्तापासून पुरेसा वेळ आहे. ह्या महिन्यात ओल्ड बेलीच्या साइटवर धोबिणींचे वीस खटले वाच, त्यातला एक निवडून त्यावर हजार शब्द लिही, कुठलीही थिअरी न घालता, फक्त ती बाई, तो रस्ता, ते कपडे आणि तिला मिळालेले पैसे, आणि ते मला पाठव. मग प्रपोजलला बसू.