भविष्य बघायचं नाही, नुसतं डोकं शांत करायचंय. त्यासाठी टॅरो किंवा ओरॅकल कार्डं वापरता येतात का? कोणता डेक घ्यावा? रोज काढावीत का?

वापरता येतात. पण "रोज काढावीत का" हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी नाशिकला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, आमची काय अवस्था असते ते जीएसटीवाल्यांना सांगायला नको. जेवणं उरकली, ओटा पुसला, अंथरुणाला पाठ टेकली तरी डोकं ऑफिसातच. अमक्याचं बिल पोर्टलवर दिसत नाही, तमका ओटीपी द्यायला फोन उचलत नाही. तेव्हा डोकं शांत करणं हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही. आणि टॅरो, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ती चित्रांची ७८ कार्डं, हा तर आमच्या घरात भांडणाचाच विषय आहे.

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी (मी त्यांना वहिनी म्हणते) लॉकडाऊनमध्ये टॅरोचा ऑनलाइन कोर्स केला. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. भिशीत, बारशाला, कुठेही डेक, म्हणजे कार्डांचा संच, बाहेर येतो. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. दुर्बिणीतून करायचं, तसं साधंच. आम्ही सगळे बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेलो. सासूबाईंच्या हातात माळ. वहिनींनी पर्समधून रेशमी रुमालात गुंडाळलेला डेक काढला, शेजारच्या खुर्चीवर रुमाल अंथरला, कार्डं पिसली आणि एक ओढलं. फोर ऑफ स्वॉर्ड्स. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एक माणूस आडवा पडलाय, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि वर भिंतीवर तीन तलवारी, टोकं त्याच्याकडे.

सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "गेलाय का गं हा?"

वहिनी म्हणाल्या, "आई, ते थडगं आहे. पण शब्दशः घ्यायचं नसतं."

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर, ज्या बाईचा नवरा आत आहे तिला सांगताहेत, थडगं आहे, पण शब्दशः घेऊ नका! वर "क्लिअर होत नाहीये" म्हणून दुसरं कार्ड ओढलं. नाइन ऑफ स्वॉर्ड्स. त्यात कुणीतरी मध्यरात्री बिछान्यात उठून तोंड झाकून बसलंय आणि मागे काळ्याकुट्ट अंधारात नऊ तलवारी. मग तिसरं. तिसरं काय आलं ते मी पाहिलंच नाही, कारण सासूबाईंची माळ थांबली होती.

मी ते पहिलं कार्ड उचललं आणि नीट बघितलं. खूप वेळ बघितलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तलवारी चार, पण त्याच्या वर तीनच. चौथी खाली, तो ज्यावर निजलाय त्या दगडाच्या कडेला आडवी. भिंत सगळी करडी. फक्त डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक रंगीत काचेची खिडकी आणि तिच्यात कुणीतरी गुडघे टेकून बसलंय. आतल्या प्रभावळीत बारीक अक्षरांत पॅक्स लिहिलंय, लॅटिनमध्ये शांती. वहिनींना हे अक्षर कोर्समध्ये कुणी दाखवलेलंच नव्हतं. मी कार्ड सासूबाईंपुढे धरलं, "आई, खिडकी बघा." त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "देऊळ आहे होय," म्हणाल्या, आणि माळ पुन्हा सुरू झाली. अण्णा तासाभराने बाहेर आले आणि शुद्धीवर आल्या आल्या चहा मागू लागले.

भांडण घरी येऊन झालं. हा डेक ज्याने रचला त्या वेटचं मूळ पुस्तक मी नेटवर शोधून वाचलं. या कार्डाच्या अर्थात तो आधी सावधपणा, माघार, एकांत, संन्याशाचा विसावा असं लिहितो आणि शेवटी हद्दपारी, थडगं, शवपेटी. वहिनींनी शेवटचे शब्द पाठ केले आणि आधीचे सोडले. (चित्र त्या शेवटच्या शब्दांवरूनच सुचलं असं तोच म्हणतो, तेव्हा त्या अगदीच चूक नव्हत्या. पण जागा बघून बोलावं.)

वहिनींचं म्हणणं, कार्ड आपणहून येतं, म्हणून त्याला अर्थ असतो. माझं म्हणणं, ७८ कार्डांतलं एक येणारच, न येऊन सांगतंय कुणाला? आणि जे येईल ते आपल्यालाच लागू आहे असं वाटणारच. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक उतारा दिला. सगळ्यांना तोच. किती जुळतंय ते पाचपैकी गुण देऊन सांगायचं होतं. सरासरी चारच्या वर गेली. मी हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग तू तरी कशाला वापरतेस?"

वापरते, कारण मी कार्ड ओढत नाही. डेक सरळ उघडते, फोर ऑफ स्वॉर्ड्स शोधून काढते आणि गॅसजवळ साखरेच्या डब्याला टेकवून उभं करते. रात्री दूध मंद आचेवर तापत असतं तेवढा वेळ ते बघायचं. दूध तापेपर्यंत तिथून हलता येत नाहीच, फोन बाहेरच्या खोलीत. त्या वेळात भिंतीवरच्या तीन तलवारींना मी आजची तीन कामं लावते. हे बिल, तो ओटीपी, मुलीच्या क्लासची फी. ती तिथे टांगलेली राहतात. दिसतात, पण उद्यापर्यंत खाली उतरवायची नाहीत. चौथी, खालची, म्हणजे जे टांगून ठेवता येत नाही ते. कधी अण्णांची तब्येत असते, कधी काहीच नसतं. दूध वर आलं की गॅस बंद आणि कार्डही बंद.

वहिनींच्या मते हे चीटिंग. म्हणे आधीच ठरवून कार्ड घेतलं तर ते टॅरोच राहत नाही. नसेल राहत! तुम्हाला भविष्य बघायचं नाहीये असं तुम्हीच लिहिलंय, मग पिसण्याची भानगड हवी कशाला? पिसलं की मन लगेच कामाला लागतं. काय येईल, का आलं, उलटं का आलं, म्हणजे अजून एक काढून बघू. ज्याला विसावा हवाय त्याच्या हाती हा नवा उद्योग देऊन काय मिळणार? क्लॅरिफायर म्हणून, म्हणजे पहिल्याचा अर्थ कळावा म्हणून, दुसरं कार्ड काढलं की त्या रात्रीची झोप गेलीच समजा. माझं माहेर कोकणातलं. तिथे देवाला कौल लावतात, मूर्तीला पाकळ्या चिकटवून, उजवी पडली की होकार. पण आमच्याकडे एकदा कौल घेतला की तोच प्रश्न पुन्हा विचारायची सोय नव्हती, आजोबा उठवूनच लावायचे. कार्डं हातात आली की ही शिस्त कुठे जाते कोण जाणे.

तेव्हा रोज काढू नका. एक निवडा, आठवडाभर तेच ठेवा. फोर ऑफ स्वॉर्ड्सच हवं असं नाही. हँग्ड मॅन बघा: एका पायाने उलटा टांगलेला आहे, पण चेहरा शांत आणि डोक्यामागे तेजोवलय. अडकून पडलोय असं वाटत असेल तेव्हा मला तो बरा वाटतो. आणि ते नाइन ऑफ स्वॉर्ड्ससुद्धा, ज्याला वहिनी घाबरतात. त्यातल्या पांघरुणावर गुलाब आणि राशींची चिन्हं आहेत, आमच्या गोधडीसारखे चौकोन चौकोन. नऊ तलवारी आहेत, पण अंगात एकही रुतलेली नाही. रात्री दोनला उठून बसणाऱ्यांनी हे कार्ड दिवसाउजेडी एकदा निरखावं.

डेकचं विचारलंत. रायडर-वेट घ्या, वादच नाही. लंडनला १९०९ साली निघाला. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये छोट्या, म्हणजे एक ते दहा आकड्यांच्या, कार्डांवर नुसत्या तलवारी, नुसते पेले, माणूस नाहीच. मग बघायचं काय? या डेकमध्ये प्रत्येक कार्डावर काहीतरी चाललंय. ही सगळी चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. डेकला नाव मात्र प्रकाशकाचं आणि वेटचं. मोठं काम आणि पैसे अगदी थोडे, असं तिने तेव्हाच एका पत्रात लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसात हे वाक्य मी रोज ऐकते. स्वस्तातल्या नकली प्रती घेऊ नका, छपाई फिकी असते आणि ती खिडकी चक्क राखाडी दिसते.

ओरॅकल कार्डं मला फारशी पटत नाहीत. त्यांना ना ठरलेली संख्या, ना तलवारी-पेले असे गट. काढणारा ठरवेल ते. त्यालाही हरकत नाही, पण बऱ्याच कार्डांवर उपदेश छापलेला असतो. 'विश्रांती घे', 'विश्वास ठेव'. हे तर माझा नवराही सांगतो, फुकट. कुणी भेट दिलीच असतील तर मजकुरावर कागदाची पट्टी चिकटवा आणि नुसतं चित्र बघा.

कोर्सवाले इजिप्तचं प्राचीन ज्ञान वगैरे सांगतील. ती कल्पना १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने मांडली, पुरावा काही नव्हता. टॅरो पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्य सांगायला वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोकाळला. हे मी जेवताना सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पत्तेच ना शेवटी? तरी मी म्हणत होते, घरात पत्ते नकोत." त्या दिवशी वहिनी आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

एक राहिलं. माझी झोप तारखांमुळे उडते आणि तारीख गेली की परत येते, म्हणून एवढ्यावर भागतं. तुमची आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण तुटलं असेल, नको नको ते विचार येत असतील, तर कार्डं कपाटात ठेवा आणि डॉक्टरकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कार्ड हा उपचार नाही. आणि मनात आधीच भीती बसली असेल तर तलवारींची चित्रं बघूच नयेत, हे मी वर लिहायला हवं होतं.

दुसऱ्यासाठी तर कधीच काढू नका, निदान दवाखान्यात तरी. वहिनी, तुम्ही इथे टॅरोची उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. हो, हे तुमच्याबद्दलच आहे. दिवाळीला बोलू.