साइट उभी राहत नाही तेव्हा: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक तक्रार सारखी आहे: ‘पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलं, तरी तेच.’ पुन्हा इन्स्टॉल केल्याने चूक क्वचितच जाते. बऱ्याचदा फक्त तिचा माग पुसला जातो. म्हणून आधी संदेशाचा अर्थ लावू, मग उपायाकडे जाऊ. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे नागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

प्रश्न: आमच्या दिवाळी अंकाची वर्डप्रेस साइट नव्या होस्टिंगवर हलवतो आहोत. पीएचपीमायॲडमिनमध्ये डेटाबेस इम्पोर्ट करताना ‘अननोन कोलेशन: यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’ असं येऊन काम थांबलं. कसंबसं ते पार केलं, तर जुन्या लेखांत मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! जुने अंक गेले का? (संपादक मंडळातून, सातारा)

जुना सर्व्हर अजून चालू असेल तर काहीही गेलेलं नाही. तिथलं होस्टिंग बंद करण्याची घाई तेवढी करू नका.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली सोपी आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ८.० आवृत्तीत नव्या टेबलांना आपोआप ‘०९००’वालं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) लागतं. मायएसक्यूएल ५.७ ला आणि मारियाडीबीच्या अनेक आवृत्त्यांना ते नाव ठाऊकच नाही, म्हणून इम्पोर्ट तिथेच थांबतो. एक्स्पोर्ट केलेल्या एसक्यूएल फाइलची प्रत काढा, ती व्हीएस कोड किंवा नोटपॅड++ मध्ये उघडा आणि ते नाव सगळीकडे बदलून ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय’ करा. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये, बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेशिवाय) सेव्ह करा. पुन्हा इम्पोर्ट करण्याआधी नव्या डेटाबेसमधली अर्धवट आलेली टेबलं काढून टाका, नाहीतर ‘टेबल ऑलरेडी एक्झिस्ट्स’ म्हणून परत अडेल.

याच फाइलमध्ये जुना डोमेन शोधून नवा घालायचा मोह होतो. तो टाळा. वर्डप्रेस आणि प्लगिनांच्या बऱ्याच सेटिंग्ज ‘सीरियलाइझ’ होऊन साठतात, म्हणजे मजकुरासोबत त्याची बाइटमधली लांबीही लिहिलेली असते. पत्ता बदलला आणि लांबी तशीच राहिली, तर ती सेटिंग वाचताच येत नाही. विजेट आणि थीमचे पर्याय गायब होतात. डोमेन बदलायचं काम डब्ल्यूपी-सीएलआयच्या (वर्डप्रेस आज्ञा टाइप करून चालवण्याचं साधन) ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञेने किंवा सीरियलाइझ्ड मजकूर ओळखणाऱ्या प्लगिनने करा.

आता प्रश्नचिन्हं. पडद्यावर नेमकं काय दिसतं ते बारकाईने पाहा. अक्षरांच्या जागी खरोखर ‘????’ असेल, तर रूपांतर करताना मूळ बाइट टाकून दिले गेले आहेत. त्या प्रतीतून मराठी परत मिळणार नाही, जुन्या सर्व्हरवरून नव्याने एक्स्पोर्ट घ्यावा लागेल. पण प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटून चलनाचं किंवा येनचं चिन्ह दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मधलं मराठी कुणीतरी लॅटिन१ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) समजून वाचतंय, एवढंच.

अनेक जण इथे चुकीच्या दिशेला जातात. ‘यूटीएफ८’चं ‘यूटीएफ८एमबी४’ केलं की मराठी येईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं आणि ते जुन्या ३ बाइटांच्या यूटीएफ८ मध्येही बसतं. चौथा बाइट इमोजींना लागतो. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत यूटीएफ८एमबी४ स्वीकारलं ते योग्यच, पण तुमची प्रश्नचिन्हं त्यामुळे जाणार नाहीत. ती जवळजवळ नेहमी लॅटिन१ मुळे येतात. जुन्या साइटींत टेबल लॅटिन१ म्हणून नोंदलेलं आणि आत मजकूर मात्र यूटीएफ-८, असं बरेचदा आढळतं.

तसं असेल तर जुन्या सर्व्हरवर एक्स्पोर्ट घेताना ‘मायएसक्यूएलडंप’ला (डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारी आज्ञा) ‘डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ लॅटिन१ द्या आणि ‘स्किप-सेट-कॅरसेट’ हा पर्यायही जोडा. म्हणजे बाइट आहेत तसे बाहेर येतात. फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडल्यावर मराठी नीट वाचता आलं पाहिजे. आलं, की टेबलांच्या व्याख्येतलं ‘कॅरसेट=लॅटिन१’ बदलून यूटीएफ८एमबी४ करा; लॅटिन१ चं कोलेशन कुठे लिहिलेलं असेल तर तेही बदला. इम्पोर्ट करताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीबी_कॅरसेट’ही तोच आहे ना, हे तपासा. सगळा संग्रह हलवण्यापूर्वी पोस्टांचं एकच टेबल चाचणीच्या डेटाबेसमध्ये आणून पाहा.

प्रश्न: विकत घेतलेली थीम अपलोड केली की ‘द लिंक यू फॉलोड हॅज एक्स्पायर्ड’ असं येतं. दुसऱ्या संगणकावरून केलं तर ‘स्टाइल.सीएसएस’ फाइल नाही म्हणतो. थीमच खराब आहे का? (नाशिक)

थीम बहुधा ठीक आहे. पहिल्या संदेशाचा लिंकशी संबंध नाही. झिप फाइल पीएचपीच्या ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’पेक्षा मोठी असली, की पीएचपी फॉर्ममधली सगळी माहिती टाकून देतं. त्यात वर्डप्रेसचा सुरक्षा-संकेतही जातो आणि वर्डप्रेसला वाटतं की फॉर्मची मुदत संपली. पीएचपीच्या मूळ मर्यादा अपलोडला २ एमबी आणि पोस्टला ८ एमबी अशा आहेत. सीपॅनेलमधल्या (होस्टिंगचं नियंत्रण-पान) ‘मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर’मध्ये ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ ६४ एमबी करा आणि ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ त्याहून थोडं जास्त ठेवा.

दुसऱ्या संदेशाचं कारण म्हणजे तुम्ही थीमचं झिप न देता अख्खं पॅकेज दिलं आहे. विकतच्या पॅकेजमध्ये माहितीपत्रक, परवाना आणि चाइल्ड थीमही असते. ते आधी संगणकावर उघडा आणि आतलं थीमचं झिप तेवढं अपलोड करा.

प्रश्न: प्लगिन अपडेट होताना वीज गेली. तेव्हापासून साइटवर ‘ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेन्टेनन्स’. (सावंतवाडी)

अपडेट सुरू होताना वर्डप्रेस मूळ फोल्डरमध्ये ‘.मेन्टेनन्स’ नावाची फाइल ठेवतं आणि संपलं की काढतं. ती लपलेली असते. फाइल मॅनेजरमध्ये ‘शो हिडन फाइल्स’ चालू करा आणि ती काढून टाका. तशीही १० मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं. त्यानंतरही संदेश दिसत असेल, तर कॅशे रिकामी करा.

मग अर्धवट आलेलं प्लगिन दुरुस्त करा. डॅशबोर्डवरून ते ‘डिलीट’ करू नका, कारण तिथून काढल्यास प्लगिनचा स्वतःचा विस्थापन-कोड चालतो आणि काही प्लगिन डेटाबेसमधल्या सेटिंग्जही पुसतात. फाइल मॅनेजरमधून ‘डब्ल्यूपी-कंटेंट’च्या ‘प्लगिन्स’मधलं त्याचं फोल्डर काढा आणि नवी प्रत टाका. सेटिंग्ज जागेवर राहतील.

वीज गेलेली नसतानाही असं वारंवार होत असेल, तर होस्टिंगवरची जागा आणि ‘आयनोड’ पाहा. स्वस्त प्लॅनमध्ये जीबी शिल्लक असतात पण फाइलींच्या संख्येची मर्यादा संपलेली असते, आणि संदेश येतो ‘कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी’. अशा वेळी फोल्डरांना ७७७ परवानगी (सगळ्यांना लिहिण्याची मुभा) देणं धोक्याचं आणि निरुपयोगी. फोल्डर ७५५, फाइली ६४४, एवढंच असू द्या.

प्रश्न: ह्यूगोवर (मजकुराच्या फाइलींतून तयार पानं बनवणारं साधन) केलेली साइट माझ्या लॅपटॉपवर उत्तम चालते. गिटहबवर टाकून नेटलिफायशी (साइट बिल्ड करून प्रसिद्ध करणारी सेवा) जोडली, तर दर वेळी बिल्ड पडतं. लॉगच्या शेवटी फक्त ‘नॉन-झीरो एक्झिट कोड’ दिसतं. (पुणे)

ती शेवटची ओळ काहीच सांगत नाही. लॉग वर सरकवत न्या आणि ‘एरर’ शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. त्याखालचं बहुतेक सगळं त्या एका चुकीचे परिणाम असतात. एक्झिट कोड १३७ असेल तर मात्र तोच पुरेसा बोलका आहे: मेमरी संपली म्हणून प्रक्रिया मारली गेली.

‘माझ्याकडे चालतं, तिथे नाही’ यामागे ह्यूगोत सहसा तीन गोष्टी असतात.

‘नो यूआरएल फाउंड फॉर सबमोड्यूल पाथ’ असं दिसलं, तर थीमचं फोल्डर तुमच्या रेपॉझिटरीत (गिट हे बदल नोंदणारं साधन सांभाळतं त्या संग्रहात) रिकामं आहे. तुम्ही ती ‘गिट क्लोन’ने आणली, त्यामुळे तिच्या आत स्वतंत्र गिट आहे आणि तुमच्या गिटने फक्त खूण ठेवली. ‘गिट आरएम’ आज्ञेला ‘कॅश्ड’ हा पर्याय देऊन ती खूण काढा, थीमचं फोल्डर बाजूला हलवा, मग ‘गिट सबमोड्यूल ॲड’ने थीम पुन्हा जोडा. पत्ता एचटीटीपीएसचाच द्या. एसएसएचचा दिलात तर बिल्ड सर्व्हरकडे तुमची किल्ली नसल्यामुळे तिथे दार बंद.

दुसरी गोष्ट आवृत्ती. लॅपटॉपवर ‘ह्यूगो व्हर्जन’ चालवा आणि तोच आकडा ‘ह्यूगो_व्हर्जन’ या चलात लिहा, शक्यतो नेटलिफायच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे तो कोडसोबतच राहील.

तिसरी गोष्ट फाइलींची नावं. विंडोज आणि मॅक सहसा रोमन कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाहीत, बिल्ड सर्व्हरचं लिनक्स करतं. टेम्प्लेटमध्ये ‘हेडर’चा एच मोठा आणि फाइलच्या नावात लहान, की ‘पार्शियल नॉट फाउंड’. फाइलचं नाव नुसतं बदलून भागत नाही, कारण गिटला तो बदल कळत नाही. ‘गिट एमव्ही’ने आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग हवं ते.

मराठी नावं ठेवणाऱ्यांसाठी एक पेच आणखी आहे. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ निदान तीन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ एकाच संकेतांकात, र आणि वेगळा नुक्ता, किंवा र्‌ पुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, लिनक्सला तीन वेगळ्या फाइली. शिवाय तिथे फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं. काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजून ती ८५ चिन्हं होतात. लेखाच्या फाइलचं नाव लहान रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ यांतच ठेवा. मराठी शीर्षक फ्रंट मॅटरमध्ये (फाइलच्या माथ्यावरच्या माहितीत) लिहा, तिथे ते हवं तेवढं लांब असू द्या.

प्रश्न: माझी अडचण उलटी आहे. ह्यूगोचं बिल्ड यशस्वी होतं, पण सकाळी ९ ला टाकलेला लेख दिसत नाही, दुपारनंतर पुन्हा बिल्ड केल्यावर दिसतो. (ठाणे)

ह्यूगो भविष्यातल्या तारखेचे लेख वगळतं. तुम्ही वेळ लिहिलीत, वेळक्षेत्र नाही. म्हणून ते ९ वाजले असं यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) धरतं, म्हणजे आपले दुपारचे २:३०. तारखेपुढे +०५:३० लिहा किंवा कॉन्फिगमध्ये ‘टाइमझोन’ला ‘एशिया/कोलकाता’ द्या.

प्रश्न: वर्डप्रेस नव्या सर्व्हरवर नीट आलं. मुखपृष्ठ उघडतं, पण प्रत्येक लेखावर ४०४ (पान सापडलं नाही). शिवाय मराठी शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात. (गोवा)

४०४ साठी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘परमालिंक्स’ उघडा आणि काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. अपाची सर्व्हरवर त्याने ‘.एचटीॲक्सेस’मधले नियम पुन्हा लिहिले जातात. एनजिनएक्स असेल तर ते नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये घालावे लागतात, होस्टिंगवाल्यांना सांगा.

तुटलेले पत्ते मात्र हलवताना बिघडलेले नाहीत, ते पहिल्यापासून तसेच असणार. वर्डप्रेस पत्त्याचा तुकडा २०० अक्षरांच्या रकान्यात साठवतं, आणि देवनागरीचं एक चिन्ह सांकेतिक रूपात ९ अक्षरं घेतं. म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात, पुढचं कापलं जातं. नव्या लेखांना दोन-तीन शब्दांचा पत्ता हाताने द्या. जुने पत्ते आहेत तसेच राहू द्या. वाचकांनी जपून ठेवलेल्या लिंका त्यांच्याकडेच येतात.